टीव्हीशिवाय आठ महिने झाले. आता घरातल्या कोणत्या वस्तूंना ‘गरज’ म्हणायचे?

कर्वेनगरचा रहिवासी
रविवार, सकाळी ९:२०

गेल्या जुलैत एका पावसाळी रात्री आमच्या भागातली वीज तीन-चार वेळा गेली-आली आणि शेवटच्या खेपेस टीव्हीच्या पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या. दुरुस्तीला आलेल्या मुलाने पॅनेल गेल्याचे सांगून जो आकडा काढला तो नव्या टीव्हीच्या पाऊण किमतीइतका होता, आणि निघताना ‘काका, नवाच घेऊन टाका’ असा सल्लाही फुकट दिला. गणपती तोंडावर होते, म्हणून म्हटले गणपती झाल्यावर बघू. मग मुलीची सहामाही आली, मग दिवाळी आली, आणि असे करता करता पाडवा आला. टीव्ही आलाच नाही. यात कोणताही संकल्प नव्हता, निव्वळ चालढकल होती, हे आधीच कबूल करतो.

घरात आम्ही चौघे: मी, पत्नी, नववीतली मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. पहिला गोंधळ झाला तो अगदी अनपेक्षित जागी. आईची रक्तदाबाची रात्रीची गोळी आठच्या मालिकेच्या शीर्षकगीताशी बांधलेली होती. ते सूर कानावर पडले की तिचा हात आपोआप डबीकडे जाई. सूर बंद झाले आणि सलग तीन दिवस गोळ्या कप्प्यातच राहिल्या. चौथ्या दिवशी डबीचे सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन कप्पे भरलेले पाहून पत्नी घाबरली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. आता मोबाइलवर गजर लावला आहे, पण गजर वाजला की आई आधी ‘कुणाचा फोन आहे बघ रे’ म्हणते.

हे सोडले तर फायदेच दिसले. जेवताना एकमेकांच्या समोर बसावे लागते, त्यामुळे पहिले दोन आठवडे अवघडल्यासारखे झाले आणि मग बोलणे सुरू झाले. मुलगी आजीकडून कवड्यांनी पट खेळायला शिकली. मी बऱ्याच वर्षांनी नगर वाचन मंदिराची वर्गणी भरली. महिन्याला साडेतीनशे रुपये वाचतात. त्यातले १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे २०१९ च्या नव्या दरपद्धतीपासूनचे १३० रुपये आणि त्यावरचा अठरा टक्के कर, हे तर एकही वाहिनी न पाहता केवळ जोडणी चालू ठेवण्यासाठी जात होते, हे बिल नीट वाचल्यावर कळले.

या यशाने माझी भीड चेपली. एका वहीत मी घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंची यादी केली आणि प्रत्येकीपुढे ‘गरज’, ‘सोय’ किंवा ‘चैन’ असे लिहू लागलो. मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि पाण्याचा डिस्पेन्सर चैनीत गेले, त्यावर कुणाचा वाद नव्हता. मग मी वॉशिंग मशीनपुढे ‘सोय’ लिहिले, फ्रिजपुढे प्रश्नचिन्ह काढले आणि गिझरपुढे ‘सोय, उन्हाळ्यात चैन’ असे लिहिले. माझ्या आजोळी सदाशिव पेठेतल्या वाड्यात तांब्याचा बंब होता, माठ होता, पाटा-वरवंटा होता आणि बारा माणसांचे सुखेनैव चालत होते, असेही मी बोलून गेलो. पत्नीने वही वाचली, मिटली आणि म्हणाली, “सुरुवात माझ्यापासून करू नका.” त्यानंतर वही कपाटात आहे.

पुण्याच्या बुधवार पेठेत आयुष्यभर विजेशिवाय राहिलेल्या, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांच्याविषयी आपण सगळ्यांनी वाचले आहे. आपल्या शहरात, भर वस्तीत, एक विदुषी दिव्याच्या उजेडात ग्रंथ लिहू शकते, तर मग आपण जिला गरज म्हणतो ती खरोखर गरज असते की नुसती सवय, हा प्रश्न मनातून जात नाही.

तेव्हा विचारायचे ते असे. टीव्ही किंवा दुसरी एखादी वस्तू ज्यांनी जाणीवपूर्वक सोडली आहे त्यांनी गरज आणि सोय यांतली रेघ कशी मारली? घरातल्या वृद्ध माणसांच्या वेळेचे काय केले? आणि पाडव्याच्या सवलतीत ‘आता तरी घ्या’ म्हणून मागे लागलेल्या माझ्या दोन मेहुण्यांना काय सांगावे?

कडेगावकर
रविवार, सकाळी ११:०५

सांगली जिल्ह्यात, आमच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून गावानेच यावर एक तोडगा काढला आहे. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे, असे ठरले आहे. त्यात मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की टीव्ही कुणाच्याही घरातून गेलेला नाही; फक्त तो सगळ्यांचा एकाच वेळी बंद होतो, त्यामुळे शेजारच्या भिंतीतून मालिकेचा आवाज येत असताना आपण एकट्याने निग्रह करत बसायची वेळ कुणावर येत नाही. पुण्यात मी ज्या इमारतीत राहतो तिथे वरच्या मजल्यावरची मालिका मला शब्दशः ऐकू येते. तुमच्या सोसायटीच्या सभेत भोंग्याचा विषय काढून पाहा आणि काय झाले ते कळवा. (मी काढला होता. पार्किंगच्या विषयाने सगळी वेळ खाल्ली.)

नाझर कचेरी
रविवार, दुपारी ४:४०

मी पुण्याच्या दिवाणी न्यायालयातून बेलिफ, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारा कर्मचारी, म्हणून निवृत्त झालो. गरज आणि चैन यांतली रेघ मारणे हे सुमारे तीस वर्षे माझे पोटापाण्याचे काम होते, म्हणून चार ओळी लिहितो.

न्यायालयाचा पैसे फेडण्याचा हुकूमनामा झाला आणि ऋणको, म्हणजे देणेकरी, पैसे देत नसेल तर धनको, म्हणजे घेणेकरी, वसुलीची दरखास्त दाखल करतो, आणि जप्तीचे वॉरंट घेऊन आम्ही दोन पंचांसह त्या घरी जातो. घरात शिरल्यावर काय उचलता येईल आणि काय नाही, हे आमच्या मर्जीवर नसते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त न करता येणाऱ्या मालमत्तेची यादी दिलेली आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे, जनावरे व बियाणे. यादी पुढेही बरीच आहे, परंतु घरातल्या सामानापुरते एवढेच. आपण वहीत जे लिहू पाहता ते सरकारने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापून ठेवलेले आहे.

टीव्ही या यादीत नाही, आणि ते लोकांना पक्के ठाऊक होते. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे १९७३ पासून मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागले. मी नोकरीला लागलो तेव्हा टीव्ही ही चाळीतली सर्वांत मोलाची वस्तू असे आणि त्यासाठी टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरावे लागत. आम्ही जिना चढेपर्यंत तो शेजारच्या खोलीत गेलेला असे. मागे उरलेल्या तिपाईवर विणलेला रुमाल तसाच असायचा आणि भिंतीतल्या छिद्रातून अँटेनाची चपटी वायर लोंबत असायची. पंचनाम्यात वायर लिहिता येत नाही. मीही कधी शेजारी विचारायला गेलो नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

मात्र याच यादीने मला एक गोष्ट शिकवली. एका घरी शिलाई मशीन होते आणि त्यावर घरमालकिणीने शोभेची फुलदाणी ठेवली होती. ते आम्ही नोंदवले. त्याच आठवड्यात भवानी पेठेत दुसऱ्या घरी तसेच मशीन होते आणि त्याच्या सुईखाली अर्धवट शिवलेला परकर अडकलेला होता. त्याला आम्ही हात लावला नाही, कारण तिथे ते हत्यार होते. मशीन तेच, बनावट तीच, फरक एवढाच की एक चालत होते आणि दुसऱ्यावर फुलदाणी होती. त्यामुळे वस्तूच्या नावापुढे एकदाच काय ते ‘गरज’ किंवा ‘चैन’ लिहून मोकळे होण्याची आपली पद्धत मला पटत नाही. आज घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलाच्या हातातला मोबाइल मी हत्यारच समजेन. हा माझा समज आहे, कायद्याचा सल्ला नव्हे.

मेहुण्यांना काय सांगावे हे मात्र संहितेत कुठेही दिलेले नाही.

ताम्हण
रविवार, रात्री १०:१५

नाझरकाकांनी लिहिलेले पटले, आणि त्यांच्याच शिलाई मशीनचा धागा पुढे नेते. कर्वेनगरकर, आपल्या पत्नीचे वाक्य आपण गंमत म्हणून सांगितले आहे. मला त्यात गंमत दिसली नाही. टीव्ही गेला तेव्हा घरात कुणाचेही काम वाढले नाही, म्हणून तो प्रयोग गोड झाला. वॉशिंग मशीन गेले की काम वाढते, आणि ते कुणाचे वाढणार हे आपल्या वहीत कुठल्याही रकान्यात लिहिलेले नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. सात वर्षांपूर्वी आमच्या सहकारनगरच्या घरी माझ्या यजमानांनी एक शिबिर करून आल्यावर साधेपणाचा निश्चय केला आणि बिघडलेले मशीन दुरुस्त न करता भंगारात दिले. आपले कपडे आपण धुवायचे असे ठरले आणि पहिले तीन आठवडे त्यांनी ते खरोखर पाळले. मग पाऊस सुरू झाला. भिजलेली जीन्स पिळणे हे काय प्रकरण असते ते ज्याने पिळली आहे त्यालाच कळते. मनगट फिरते पण कापड फिरत नाही. दुहेरी चादर पिळायला दोन माणसे लागतात, एकाने इकडून आणि दुसऱ्याने तिकडून पीळ द्यायचा, आणि मधला फुगा फुटून पाणी नेमके पायांवर पडते. गॅलरीत तीन दोऱ्या, त्यावर चौघांचे कपडे आणि वर कुबट वास. चौथ्या आठवड्यात यजमानांचा खांदा दुखू लागला आणि धुणे मावशींकडे गेले, महिना बाराशे रुपये ठरवून.

म्हणजे नेमके काय सुटले? श्रम तेवढेच राहिले, ते फक्त जनता वसाहतीतून पर्वतीला वळसा घालून येणाऱ्या एका बाईच्या खांद्यावर गेले, आणि आमच्या घरात साधेपणा नांदतो आहे असे आम्ही पाहुण्यांना सांगू लागलो. मावशींच्या स्वतःच्या घरी सेमी-ऑटोमॅटिक मशीन होते, हे मला पुढे त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा कळले. दहा बाय बाराच्या खोलीत दाराशीच ते ठेवलेले होते आणि त्यावर प्लॅस्टिकचे फुलाफुलांचे आवरण होते. मी पाहते आहे हे पाहून त्या म्हणाल्या, “दिवसभर लोकांचं धुणं करते ताई, घरी येऊन पुन्हा तेच कशाला?” टीव्हीही होता, आणि तो का हवा हेही त्यांनी न विचारता सांगितले. संध्याकाळी दोन्ही मुलगे त्यामुळे घरात राहतात, खालच्या टपरीवर जात नाहीत. त्याच महिन्यात आम्ही नवे मशीन आणले. मावशींना तेवढ्या पैशांत भाजी निवडणे आणि पोळ्या असे काम दिले, आणि ते त्यांना आवडले.

आता डॉ. साने यांच्याविषयी. त्यांचा दाखला देणारे बहुतेक जण एक गोष्ट सोडून देतात. अंधाराची अडचण त्या स्वतः सोसत होत्या आणि त्यातून मिळणारा निवांतपणाही त्यांचाच होता. आपल्या आजोळच्या वाड्यातल्या बारा माणसांचे सुखेनैव चालत होते, असे आपण लिहिता. बंबात ढलप्या कोण घालत होते? राखेने तो कोण घासत होते? पाट्याला टाकी लावून आणल्यावर पहिल्या दोन वाटणांत येणारी कचकच कुणाच्या नावावर जात होती? आजी असती तर आपण तिला विचारले असते असे आपण म्हणाल, पण मला वाटते तेव्हाही विचारले नसते.

मशीन आले की काम संपते असेही मी म्हणत नाही. आईच्या काळी घरात घातलेला परकर-पोलका दोन दिवस चालत असे. मशीन आल्यापासून आमच्याकडे तासभर घातलेला टी-शर्टही टोपलीत पडतो आणि घड्या घालायचे काम दुप्पट झाले आहे. मशीन काढण्यापेक्षा ती टोपली आवरणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

आणि आपण आईंच्या वेळेचे काय करावे, असा प्रश्न आम्हाला विचारला आहे. तो आईंना विचारला आहे का?

साडेसातशे वॅट
सोमवार, सकाळी ७:५०

भावना बाजूला ठेवून विजेचा हिशेब मांडतो, कारण कुठे किती वीज जाते याविषयी लोकांच्या कल्पना फार उलट्यापालट्या असतात. मी विद्युत अभियंता आहे आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला मीटर लावून पाहण्याची मला खोड आहे.

आमचा ४३ इंची टीव्ही साधारण ७० वॅट घेतो. रोज चार तास चालला तरी महिन्याला साडेआठ युनिटच्या आत. मात्र सेट टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केल्यावरही माझ्याकडे ९ वॅट घेत होता, म्हणजे चोवीस तासांचे धरून महिन्याला साडेसहा युनिट. आठ महिन्यांत आपली जी वीज वाचली त्यातला काही वाटा भिंतीवरचे बटण रात्री बंद करूनही वाचला असता.

आता गिझर. एक बादली, म्हणजे पंधरा लिटर पाणी, पंचवीस अंशांनी तापवायला ०.४४ युनिट लागते. हे भौतिकशास्त्र आहे, यात कोणत्याही कंपनीची हुशारी चालत नाही. चार माणसांच्या चार बादल्या धरल्या तर महिन्याला सुमारे ५२ युनिट होतात. टीव्ही त्याच्या जवळपासही नाही. त्याच्या उलट, ७५० वॅटचा मिक्सर पाच मिनिटे फिरवला तर एका युनिटचा सोळावा भाग खर्च होतो. पाटा-वरवंटा आणून विजेची बचत करायला निघालेल्या माणसाने एक बादली कोमट पाणी कमी केले तर त्यात सात दिवसांची चटणी वाटून होते. वॉशिंग मशीनचेही तसेच आहे. थंड पाण्याने धुतले तर खर्च किरकोळ, गरम पाण्याचा कार्यक्रम लावला की तो छोटा गिझरच. इमारतीच्या गच्चीवर हक्काची जागा असेल तर सौर बंब बसवावा. त्यासाठी पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते आणि जोडीला पावसाचे पाणी जिरवण्याची किंवा गांडूळ खताची सोय केली तर ती १० टक्क्यांपर्यंत जाते.

फ्रिजपुढचे प्रश्नचिन्ह मात्र कृपया खोडा, निदान इतरांना तसा सल्ला देऊ नका. माझे वडील इन्सुलिन घेतात. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडलेली बहुतेक प्रकारची कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण खोलीचे तापमान पंचवीस-तीस अंशांच्या वर जाता कामा नये. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर ३८-३९ अंश असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत काय होते ते आपण जाणता. माठाच्या बाजूला ओल्या फडक्यात कुपी ठेवली तर ती खोलीपेक्षा बरीच थंड राहते, कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडते. पण आठ अंश माठाला कधीच गाठता येत नाहीत, आणि जुलैच्या दमट हवेत तर माठ जवळजवळ निरुपयोगी ठरतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा मी फ्रिजचे दार उघडू देत नाही. घरचे मला हसतात.

आणखी एक आकडा, नाझरकाकांच्या यादीजवळ ठेवण्यासारखा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४७.२ टक्के घरांत टीव्ही होता आणि घराच्या आवारात शौचालय होते ४६.९ टक्के घरांत. यावरून लोकांना गरज कळत नाही असा शेरा मारणारे पुष्कळ भेटतात. मी तसा मारणार नाही. टीव्ही दुकानातून विकत आणून तासाभरात लावता येतो. शौचालयाला जागा, पाणी आणि मलनिस्सारण लागते आणि ते एकट्या घराच्या हातात नसते.

पेरूगेट
सोमवार, सकाळी ८:३०

मुलगी मोबाइलवर काय पाहते, ते कर्वेनगरकरांनी सोयीस्करपणे लिहिलेले नाही. टीव्ही निदान सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. आमच्याकडेही ‘टीव्ही नाही’ असे आम्ही दोन वर्षे मिरवले. तेव्हा घरात चार माणसे आणि पाच पडदे होते.

कर्वेनगरचा रहिवासी
बुधवार, रात्री ९:१०

सर्वांचे आभार. पेरूगेट यांचा टोला बसला. घरातले पडदे मोजले. तीन मोबाइल आणि एक लॅपटॉप. मुलगी दिवसाला किती वेळ पाहते ते मोबाइलमध्येच नोंदलेले असते, आणि ते काढायला गेलो तर तिने आधी माझे काढून दाखवले. माझे तिच्यापेक्षा चाळीस मिनिटे जास्त निघाले. त्यावर घरात पुढे चर्चा झाली नाही.

ताम्हण यांच्या शेवटच्या वाक्याने दोन दिवस बेचैन होतो. काल दुपारी कार्यालयातून लवकर आलो आणि आईला विचारले. ती आधी “मला काय, तुम्ही ठेवाल तसं” म्हणाली. थोडा वेळ गेल्यावर मटार सोलता सोलता तिने सांगितले की मालिकेचे तिला काही वाटत नाही, तीन महिन्यांनी पाहिली तरी गोष्ट तिथेच असते. पण दुपारी दोन ते चार या वेळात, सगळे बाहेर असताना, घरात माणसाचा आवाज नसतो. आणि दोन्ही पालख्या पुण्यात येतात तेव्हा गुडघ्यांमुळे तिला लक्ष्मी रस्त्यावर जाऊन उभे राहता येत नाही, गेली काही वर्षे ती त्या टीव्हीवरच पाहत होती. आषाढीची पहाटेची महापूजाही. “तू खूश दिसलास म्हणून बोलले नाही,” असे म्हणून तिने टरफलांचे ताट माझ्याकडे सरकवले. आठ महिने मी ज्याला तिची सवय सुटली असे समजत होतो ते असे होते.

काल संध्याकाळीच एक लहान रेडिओ आणला. आज दुपारी आईने विविध भारती लावली, सकाळच्या प्रादेशिक बातम्याही तिने स्वतःच शोधून काढल्या. गोळीची वेळ मात्र अजून गजरावरच आहे, आणि फोन कुणाचा हे ती अजून विचारते. वही पत्नीच्या ताब्यात दिली. तिने वॉशिंग मशीनपुढे काहीही न बदलता एक नवा रकाना आखला आहे, ‘नसेल तर कोण करणार?’ असा, आणि माझ्या दाढीच्या विजेच्या यंत्रापासून तो भरायला घेतला आहे. इस्त्रीपुढे माझे नाव आहे. काल रात्री सहा शर्ट केले, त्यातल्या एकाची कॉलर पिवळी पडली.

बैठकीच्या खोलीत टीव्ही येणार नाही, हे मेहुण्यांना सांगितले. ते नाराज आहेत. आईच्या खोलीत टेबलावर मावेल असा चोवीस इंची, वापरलेला मिळाला तर पाहतो आहे. साडेसातशे वॅट यांना एक विचारायचे होते. महिन्याची जोडणी घ्यायची नसल्याने दूरदर्शनची फ्री डिश लावावी असा विचार आहे. आईच्या खोलीच्या गॅलरीच्या लोखंडी जाळीला छत्री बसवून चालेल का? गच्चीवर सोसायटी परवानगी देत नाही.

साडेसातशे वॅट
बुधवार, रात्री ९:५५

चालेल, पण गॅलरीचे तोंड कुठे आहे त्यावर अवलंबून आहे. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे पुण्यातून पाहिल्यास आग्नेयेकडे, क्षितिजापासून साधारण ५९ अंश उंचीवर. गॅलरी पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल आणि वरच्या मजल्याचा सज्जा किंवा समोरचे झाड त्या रेषेत येत नसेल तर अडचण नाही. पश्चिमेला असेल तर विषय संपला. सकाळी पावणेअकरा-अकराच्या सुमारास या दिवसांत सूर्य जवळजवळ त्याच बाजूला, थोडा पूर्वेकडे असतो. तेव्हा आईंच्या गॅलरीत ऊन येते का एवढे आधी पाहून घ्या. जाळीला पकड बसवताना खाली रबर घाला, नाहीतर वाऱ्याने छत्री हलते आणि नेमकी पालखीच्या वेळी चित्राची ठिगळे होतात. सह्याद्री वाहिनी त्यावर मिळते. खर्च एकदाच, छत्री आणि बॉक्सचा. आणि बॉक्सचे भिंतीवरचे बटण रात्री बंद करण्याचे काम कुणाचे, ते वहीतल्या नव्या रकान्यात लिहून घ्या.

ताम्हण
बुधवार, रात्री १०:२०

पिवळ्या कॉलरवर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, सुती असेल तर डाग पुष्कळ कमी होतो. कृत्रिम धाग्याचा असेल तर तो शर्ट आता घरात घालायचा.